लहान कामाचा उपदेश नेमका कुणाला?

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्षातून एकदा तरी मोहरीच्या दाण्यावर संदेश होतोच, एकदा विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे गरीब विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन बारीक नाण्यांवर होतो, आणि चर्चच्या छपराचं काम निघालं असेल तर दोन्ही एकाच रविवारी होतात. लहान सेवेला तुच्छ मानू नका, देव लहानातूनच मोठं करतो, पेलाभर पाणी दिलंत तरी प्रतिफळ चुकणार नाही वगैरे. वचनं सगळी खरी आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हा उपदेश चाललेला असताना मान डोलावतं कोण आणि तो लागू कुणाला होतो. मागच्या बाकांवर बसणाऱ्या, कामाच्या घरून थेट उपासनेला आलेल्या बायकांना तो वर्षानुवर्षं ऐकवला जातोय, आणि त्या तशाही लहान कामंच करतायत, त्यांना ते शिकवायची काय गरज? ज्यांना खरी गरज आहे ते पुढच्या खुर्च्यांवर, नाहीतर स्टेजवर माईकजवळ.

माझं म्हणणं सरळ आहे. शुभवर्तमानातला लहानपणाचा उपदेश मोठ्यांसाठी आहे. आपण तो लहानांना ऐकवून त्याची धारच घालवली.

पण आधी दुसरी एक सवय बघू, कारण ती याच्याशीच जोडलेली आहे. लहान सुरुवातीच्या गोष्टी आपण सांगतो कशा? तमिळनाडूतल्या वेल्लोरचं उदाहरण घ्या, मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर बाईंनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्याने सुरुवात केली आणि आज बघा केवढं मेडिकल कॉलेज. गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण आपण ती सांगतो कशासाठी, तर शेवटी कॉलेज झालं म्हणून. एक खाट एकच राहिली असती, बाई आयुष्यभर त्या एका खाटेवरच्या पेशंटचं करत राहिल्या असत्या, तर आपल्या संदेशात त्या आल्या असत्या का? नसत्या आल्या. म्हणजे आपल्याला कौतुक लहानाचं नाहीचे, मोठ्याचंच आहे, लहान फक्त गोष्टीच्या सुरुवातीला चवीपुरतं लागतं. ही गॅरेजमध्ये कंपनी काढून अब्जाधीश झालेल्या माणसाची गोष्ट झाली, आपण तिला एक वचन चिकटवलं इतकंच.

आणि ज्या दाखल्यावर एवढं सगळं उभं आहे तो मोहरीचा दाखलाच नीट वाचा ना, देवाचं राज्य मोहरीच्या बारीक दाण्यासारखं, तो वाढतो आणि पक्षी त्याच्या सावलीत राहतात. येशूचे ऐकणारे यहूदी होते, मोठ्या राज्याचं चित्र म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर लबानोनचा गंधसरू, म्हणजे देवदार यायचा, यहेज्केल संदेष्ट्याने सतराव्या अध्यायात तोच वापरलाय, उंच डोंगरावर लावलेला आणि त्याच्या सावलीत सगळ्या जातींचे पक्षी. येशूने पक्षी ठेवले, सावली ठेवली आणि झाड बदललं! मोहरी कितीही वाढली तरी मळ्यातली भाजीच, शुभवर्तमान लिहिणारा मार्क तर तेवढंच म्हणतो की ती सगळ्या भाज्यांमध्ये मोठी होते. देवदार नाही, वड नाही. आम्ही मात्र या दाखल्यावरून मंडळीचं दोन कोटींचं सभागृह सिद्ध करतो.

आपल्याच भागातल्या दोन माणसांची उदाहरणं देतो, कारण मोठी न झालेली सुरुवात म्हणजे काय ते त्यांच्यात दिसतं. अमेरिकन मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला. तेरा वर्षं काम केलं, मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात हात होता, आणि १८२६ मध्ये नाशिककडून परत येताना वाटेतच कॉलऱ्याने गेला. बाप्तिस्मे किती झाले म्हणाल तर बोटावर मोजण्याइतके. आजच्या हिशोबाने हा माणूस साफ फेल, त्याचा न्यूजलेटर कुणी फॉरवर्ड केला नसता. दुसऱ्या मिस सिंथिया फरार. १८२७ च्या डिसेंबरात अविवाहित बाई म्हणून मुंबईत आल्या, पुढे नगरला गेल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मुलींना अक्षरं गिरवायला लावायची, उद्या परत बोलवायचं, आलीच नाही तर तिच्या घरी जायचं, बाईंचं आयुष्य यातच गेलं. पण जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन त्या शाळा पाहिल्या, आणि पुण्यात मुलींची शाळा काढायची प्रेरणा तिथून मिळाली असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. सावित्रीबाई फरार बाईंकडेच शिकवण्याचं ट्रेनिंग घेऊन आल्या. आता यात चर्चच्या रजिस्टरला काय मिळालं? काहीच नाही, फुले ख्रिस्ती झाले नाहीत. फळ आलं ते दुसऱ्याच्या शेतात आलं, आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते खाल्लं. मला विचाराल तर मोहरीच्या दाखल्यातल्या सावलीचं याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही, आणि आपल्या शब्बाथशाळेतल्या पोरांना फरार बाईंचं नावसुद्धा माहीत नाही.

बरं, आता विधवेकडे येऊ. मार्कच्या बाराव्या अध्यायात ती येते, ४१ ते ४४ वचनं, आणि आपले पाळक नेमकी तेवढीच चार वचनं वाचून पुस्तक मिटतात. वर काय आहे? वर येशू शास्त्र्यांपासून सावध राहा म्हणतोय, लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे, सभास्थानात पुढच्या जागा धरणारे आणि विधवांची घरं गिळणारे. लगेच पुढच्याच ओळीपासून एक विधवा येते आणि तिची होती नव्हती ती सगळी उपजीविका त्याच मंदिराच्या पेटीत टाकते. आणि खाली काय आहे? तेरावा अध्याय उघडतो तोच एक शिष्य म्हणतो, गुरुजी, बघा केवढे हे दगड, केवढ्या या इमारती. येशू म्हणतो, यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. म्हणजे त्या बाईच्या दोन टोल्यांच्या एका बाजूला तिचं घर गिळणारे आणि दुसऱ्या बाजूला कोसळणार असलेली बिल्डिंग. हे सगळं सलग वाचल्यावर या उताऱ्यावरून बिल्डिंग फंड मागायची हिंमत कशी होते हेच मला कळत नाही. आणि अजून एक, येशू त्या बाईला काहीच बोलत नाही. शाबास म्हणत नाही, पुढच्या वेळी अजून टाक म्हणत नाही. तो शिष्यांना जवळ बोलावतो आणि त्यांना सांगतो. धडा त्यांच्यासाठी होता, जे थोड्याच दिवसांपूर्वी तुझ्या उजवीकडे कोण बसणार आणि डावीकडे कोण यावरून भांडत होते.

आपल्याकडे हे कसं दिसतं ते हार्वेस्टच्या सणाला बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेला लोक आपापलं पहिलं पीक, भाजी, अंडी, कोंबडी, कुणी घरी केलेल्या पोळ्या असं काय काय आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. मजा येते, खोटं कशाला बोला, पोरं ओरडत असतात, बोली बोलणारा माणूस नकला करत असतो. एखाद्या म्हातारीने दारातल्या वाफ्यातली मेथीची जुडी आणलेली असते, सुतळीने बांधलेली, मुळांना अजून माती. ती जुडी उचलून बोली सुरू होते, पाचशे, हजार, कुणी तरी कॉन्ट्रॅक्टर पाच हजाराला तोडतो. टाळ्या. माईकवरून त्याचं नाव, फोटो, ग्रुपवर अभिनंदन. म्हातारीचं नाव? ते कुणी विचारलेलंच नसतं, ती तेव्हा मागच्या अंगणात प्रीतिभोजनाच्या भाताला पाणी ठेवत असते. मला लिलाव बंद करायचा नाहीये, पैशाने छप्पर होतं हे खरंच आहे. पण येशूने जे बोट दाखवून सांगितलं ते आपण बरोब्बर उलटं करतोय, आणि तेही देवळाच्या आवारात, विधवेच्या टोल्यांवरचा संदेश ऐकून तासभरही झालेला नसताना.

पाय धुण्याचंही तेच. योहान १३ मध्ये पाय धुणं हे गुलामाचं काम होतं आणि ते गुरूने केलं, प्रश्नच मिटला. आपण त्याचा विधी केला. पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुवायचे ते लोक घरून साबण लावून स्वच्छ पाय धुऊन येतात :) पोप फ्रान्सिस २०१३ साली रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पोरापोरींचे पाय धुऊन आले, त्यात मुस्लिम मुलगीही होती, तेव्हा केवढी चर्चा झाली आठवतंय? विधीचे नियम मोडले म्हणे! २०१६ मध्ये त्यांनी नियमच बदलला आणि बायकांचेही पाय धुवायला अधिकृत परवानगी दिली. म्हणजे पाय कुणाचे असावेत याचेही नियम होते.

आता मोठ्याने खाली उतरणं म्हणजे काय ते मला सर्वात जास्त जामखेडमध्ये दिसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून आले, आणि १९७० साली जामखेडला आले. नगर जिल्ह्यातला दुष्काळी कोपरा, आज जायचं म्हटलं तरी लोक नाक मुरडतात. सुरुवात जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत झाली (इथे येशूच्या जन्माच्या गोठ्याचं उदाहरण द्यायचा मोह कुणालाही होईल, मी आवरतो). पण त्यांचं मोठेपण जनावरांच्या दवाखान्यात सुरू केलं यात नाहीये, गरिबीत सुरुवात तर कुणीही करतं, नाइलाज असतो. ते आहे पुढच्या गोष्टीत. आधी त्यांनी गावागावात शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही, त्या गावात रमेनात आणि गाव त्यांचं ऐकेना. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. त्यांना दर आठवड्याला जामखेडला बोलवून शिकवायचं, सगळ्या जातीच्या बाया एकत्र राहणार, एकत्र जेवणार. काय शिकवायचं? मूल तोलायचं कसं, जुलाब लागले की उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर किती, गरोदर बाईच्या पायावर सूज आली तर काय समजायचं, बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ कसं ठेवायचं. बस एवढंच, यातल्या एकाही गोष्टीला ऑपरेशन थिएटर लागत नाही.

डॉक्टर लोकांनी वाचताना जरा थांबावं इथे. डॉक्टरकीचा सगळा रुबाब हा मला येतं आणि तुला येत नाही यावर चालतो. ते ज्ञान उचलून ज्या बाईला गावात विहिरीवर चढू देत नव्हते तिच्या हातात द्यायचं, आणि मग गावच्या पाटलाच्या सुनेचं बाळंतपण तिने करायचं. याला मी लहान काम म्हणतो. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हाही दलित वस्तीत पाणी शोधलं, म्हणजे उरलेल्या गावाला हंडा घेऊन तिकडे यावं लागलं. संदेश न देता जातीला हात घातला. पुढे बालमृत्यू झपाट्याने खाली आले, जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९ ला मॅगसेसे मिळालं. पण मी आत्ताच वर म्हणालो की शेवट मोठा म्हणून गोष्ट सांगू नये, तेव्हा मॅगसेसे बाजूला ठेवा. त्या गावातल्या बाईने एका पोराला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं आणि ते जगलं, तिथेच काम पूर्ण झालं होतं.

पंडिता रमाबाईंचंही मला हेच दिसतं. बाईंना कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली सरस्वती ही पदवी दिली, संस्कृत मुखोद्गत. त्यांनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते दोन मुलींवर, त्यातली एक विधवा गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. मग पुणे, मग केडगाव, मग १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका गोळा करून आणणं. १९०० च्या सुमारास केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमात दोन हजारांच्या आसपास माणसं होती, म्हणजे हे लहान राहिलंच नाही. मला त्यांचं बायबल भाषांतर जास्त महत्त्वाचं वाटतं. इतकी विद्वान बाई, मनात आणलं असतं तर पंडितांनी माना डोलवाव्यात असं संस्कृतप्रचुर मराठी लिहिलं असतं. तिने शेवटची बरीच वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून, सगळा मजकूर स्वतः बघून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल केलं, आणि छापखान्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सगळं मुक्तीतल्या मुली-बायकांनी केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, छापील पुस्तक १९२४ ला पूर्ण आलं. ते भाषांतर फार चाललं नाही, आपल्या मंडळ्या दुसरंच वाचतात. मग ते वाया गेलं का? दुष्काळात आईबापांनी सोडलेली पोर, ती शिशाची अक्षरं उलटी वाचायला शिकते आणि देवाचं वचन ओळीओळीने स्वतः जुळवते, ते वाया कसं जाईल.

आता यावर आक्षेप येतात आणि ते येऊ द्यावेत. एक म्हणजे सगळेच लहान लहान करत बसले तर हॉस्पिटलं कोण बांधणार? बांधा की, मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी बांधलंच, हजारो लोक जगले. संस्था लागतात. फक्त आज कितीतरी जुन्या मिशन हॉस्पिटलांची काय अवस्था आहे ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ती पैशाअभावी झाली त्याहून जास्त जमिनींच्या भांडणांनी आणि ट्रस्टींच्या कोर्टकचेऱ्यांनी झाली. अंथरूण बदलायला माणूस नव्हता म्हणून नाही, खुर्चीला माणसं जास्त झाली म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. लहान कामं करा, नम्र राहा हे सांगून हक्काचं बोलणं बंद केलं जातं. नगर-मराठवाड्यातली आपली बहुतेक मंडळी दलित समाजातून आलेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना दिल्या, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर. गावात मात्र बाप्तिस्म्याने जात पुसली गेलेली नाही, हे कुणालाही विचारा. या प्रश्नावर मोर्चा काढायचा म्हटलं की कुणीतरी वडीलधारा उठून म्हणतो, आपण मिठासारखं असावं, दिसू नये. अहो, मीठ हा काय न बोलायचा परवाना आहे का? हा लहानपणाचा सर्वात वाईट वापर, आणि म्हणूनच मी पुन्हा पुन्हा म्हणतोय की ऐकणारा कोण ते बघा. ज्याला समाजाने आधीच खाली ठेवलंय त्याला खाली बस म्हणणं ही शुभवार्ता नाही. येशूच्या आईचं, मरीयेचं स्तोत्र आठवा, त्यात अधिपती आसनांवरून खाली ओढलेत आणि दीनांना उंच केलंय, दोन्ही एकाच ओळीत.

तिकडे मिझोरममध्ये १९१० पासून बायका रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, चर्चसाठी. मला त्यात आवडतं ते हे की श्रीमंताच्या घरातली मूठही मूठच असते, तिथे पाच हजाराची बोली नाही. आणि गोव्याच्या लोकांसाठी एक गंमत, संत फ्रान्सिस झेवियर आशियाभर हिंडले, त्यांच्या शवप्रदर्शनाला दर दहा वर्षांनी लाखो माणसं लोटतात. त्यांच्या बरोबरीने मिशनची आश्रयदाती म्हणून १९२७ साली कुणाला नेमलं? लिझ्यूच्या तेरेझाला, जी चोविसाव्या वर्षी मठातच वारली, मिशनला कधी गेलीच नाही. कॅथलिक चर्चने दोघांना एका पायरीवर बसवलं, लोक मात्र रांग एकापुढेच लावतात.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाहीये. पुढच्या वार्षिक सभेत प्रीतिभोजनाच्या भांड्यांची यादी लावाल तेव्हा त्यात पहिली नावं पंचांची आणि ट्रस्टींची असू द्या, पाळकांचंही, आणि महिला मंडळाच्या दोन बायका हिशोबाच्या टेबलावर बसवा, सहीच्या अधिकारासकट. एका मंडळीत मी हे सुचवलं होतं. भांड्यांच्या मुद्द्यावर सगळे हसले, चेष्टेत का होईना दोघांनी हात वर केले. सहीच्या अधिकारावर कुणी हसलं नाही. तो विषय पुढच्या मीटिंगला घेऊ असं ठरलं, आणि ती मीटिंग अजून लागलेली नाही.